‘रॉदरहॅम’ ते ‘राजपूत’ : एका विनाशिकेचा जीवनक्रम

मराठीत ‘विनाशिका’ हा शब्द आता इतका रूढ झाला आहे की, तो एका लांबलचक इंग्रजी नामाच्या उरलेल्या शेपटाचा अनुवाद आहे, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. मूळ नाव ‘टॉर्पेडो-बोट डिस्ट्रॉयर’ असे होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टॉर्पेडो घेऊन धावणाऱ्या चिमुकल्या, वेगवान नौकांनी मोठ्या युद्धनौकांच्या जिवाला घोर लावला, तेव्हा त्या नौकांचा नाश करण्यासाठी हा नवा वर्ग जन्माला आला. म्हणजे ही नौका ‘विनाशिका’ होती ती एका विशिष्ट शत्रूपुरती. पुढे नामातला पूर्वभाग गळून पडला, शत्रू पालटला, आणि पाणबुड्यांचा शोध व काफिल्यांचे रक्षण ही तिची मुख्य कामे झाली. अर्थात नावाने विनाशिका आणि वृत्तीने राखणदार, अशी विसंगती या वर्गाला जन्मभर चिकटली. या वर्गाची एक पूर्वज म्हणून गणली जाणारी ‘देस्त्रुक्तोर’ ही स्पॅनिश नौका १८८६ मध्ये स्कॉटलंडमधील क्लाइडबँक येथे जलावतरित झाली. त्याच गोदीतून, गोदीचे मालक बदलून ती जॉन ब्राऊन कंपनीकडे आल्यावर, २१ मार्च १९४२ रोजी ‘रॉदरहॅम’ ही विनाशिका पाण्यात उतरली. भारतीय नौदलाच्या इतिहासात ‘राजपूत’ या नावाने वावरलेली नौका ती हीच.

‘रॉदरहॅम’ ही ब्रिटिश नौदलाच्या ‘आर’ वर्गातील आठ विनाशिकांपैकी पथकप्रमुखाची नौका होती. लांबी सुमारे ३५८ फूट आणि रुंदी ३६ फुटांहून किंचित कमी, हे प्रमाण पाहिले म्हणजे तिची सडपातळ बांधणी डोळ्यांपुढे येते. दोन बाष्पित्रे आणि टर्बाइन यांच्या बळावर ४०,००० अश्वशक्ती निर्माण करून ही नौका ताशी ३६ नॉट गाठण्यासाठी घडविलेली होती. ४.७ इंची चार तोफा, टॉर्पेडोच्या आठ नळ्या, काही हलक्या विमानविरोधी तोफा आणि पाणबुड्यांसाठी जलसुरुंगांचा साठा अशी तिची आयुधे होती. मुख्य तोफांचे तोंड ४० अंशांहून अधिक वर उचलता येत नसे. त्यामुळे माथ्यावर आलेल्या विमानापुढे त्या जवळजवळ निरुपयोगी ठरत. तोफांची कवचेही पाठीमागून उघडी असत, आणि तोफखान्याची माणसे वारा, पाऊस व लाटांचा मारा अंगावर घेतच काम करीत.

या सांगाड्यात सुमारे दोनशे माणसांची वसती असे. युद्धनौकेचा इतिहास लिहिणारे बहुधा लढायांच्या तारखांवर थांबतात. परंतु या माणसांचे दिवस कसे जात होते हे समजल्याखेरीज त्या तारखांनाही पुरता अर्थ येत नाही.

‘आर’ वर्गाचे एक वैशिष्ट्य या दृष्टीने विशेष लक्षणीय आहे. शिडाच्या जहाजांच्या काळापासून अधिकाऱ्यांच्या खोल्या नौकेच्या पिछाडीस आणि खलाशांची वसती नाळेकडील भागात, अशी विभागणी चालत आली होती. शिडाच्या जहाजावर तिला कारण होते. सुकाणू आणि कप्तानाची जागा पिछाडीसच असे. वाफेच्या नौकेवर संचालनाचा मंच पुढे सरकला, पण अधिकारी मात्र मागेच राहिले. खवळलेल्या समुद्रात पाळी बदलताना अधिकाऱ्याला मधल्या उघड्या डेकवरून, ताणलेल्या दोरांचा आधार घेत, लाटा चुकवीत पुढे जावे लागे. ‘आर’ वर्गात प्रथमच अधिकाऱ्यांची वसती मंचाजवळ, मध्यभागाकडे आणण्यात आली. दर्जाच्या भूगोलात झालेला हा बदल समतेच्या विचारातून आलेला नव्हता, तो अटलांटिकच्या लाटांनी घडवून आणला होता. रूढी मोडण्यास तत्त्वापेक्षा गैरसोय अधिक समर्थ असते, याचे हे एक उदाहरण म्हणता येईल.

नौकेवरील दिवसाची मोजणी निराळी असते. दिवसरात्रीचे चार चार तासांचे पहारे असतात. मात्र दुपारी ४ ते रात्री ८ हा पहारा दोन दोन तासांच्या दोन तुकड्यांत विभागलेला असतो. आपल्याकडील अष्टप्रहरांची संख्या सम आहे, नौकेवरील पहाऱ्यांची सात, म्हणजे विषम. ही विषमता हेतुपुरस्सर ठेवलेली असून, तीमुळे मध्यरात्र ते पहाट हा जिवावर येणारा पहारा रोज त्याच गटाच्या वाट्याला येत नाही. दर अर्ध्या तासाला घंटेचा एकेक ठोका वाढत जातो आणि आठ ठोक्यांनी पहारा संपतो. संध्याकाळच्या दुसऱ्या अर्ध्या पहाऱ्यात मात्र एक, दोन, तीन असे ठोके मोजून एकदम आठ वाजवितात. सलग झोप ही चैनीची बाब असे. खलाशांना निराळ्या शय्या नव्हत्या; ज्या जागी जेवायचे त्याच जागी वर आकड्यांना कापडी झोळ्या टांगून निजायचे, आणि सकाळी त्या गुंडाळून ठेवल्या म्हणजे तीच जागा पुन्हा जेवणघर होई.

गोड्या पाण्याचा प्रश्न कायमचा होता. समुद्राचे पाणी उकळून, त्याची वाफ थंड करून जे पाणी मिळे, त्यावर पहिला हक्क बाष्पित्रांचा असे. माणसांच्या अंघोळीचा क्रम त्यानंतर लागे. बाष्पित्रांच्या खोलीत हवा दाबाने भरलेली असे, म्हणून तेथे शिरताना दोन दारांच्या कोठडीतून जावे लागे. एक दार मिटल्याखेरीज दुसरे उघडायचे नाही, असा दंडक असे, आणि आत पाऊल टाकताच कानांवर दाब जाणवे. उत्तरेकडील थंड समुद्र नजरेसमोर ठेवून आखलेली ही नौका अरबी समुद्रात आणि बंगालच्या उपसागरात आली, तेव्हा तिच्या तळमजल्यावर काम करणाऱ्यांचे काय होत असेल, याची कल्पना वैशाखात मुंबईच्या गोदीत उभ्या असलेल्या लोखंडी बोटीला हात लावून पाहणाऱ्यास सहज येईल.

महायुद्धातील तिचा बहुतेक काळ हिंदी महासागरात पूर्वेकडील ब्रिटिश आरमाराबरोबर गेला. काफिल्यांना सोबत करणे, विमानवाहू नौकांभोवती कडे धरणे, दिवसेन्‌दिवस काहीच न घडणाऱ्या समुद्रावर टेहळणी करणे, असे तिच्या कामाचे स्वरूप होते. १९४४ मध्ये सुमात्राच्या टोकाशी असलेल्या सबंग या जपानी तळावरील मोहिमांत ती होती. सप्टेंबर १९४५ मध्ये सिंगापूरचा नाविक तळ जपान्यांकडून परत घेतला गेला, त्या प्रसंगीही ती तेथे हजर होती.

भारतीय नौदलाकडे ती आली १९४९ मध्ये. फाळणीच्या वाटणीत भारताच्या वाट्याला ‘सतलज’, ‘जमुना’, ‘कृष्णा’ आणि ‘कावेरी’ या चार स्लूप नौका आल्या होत्या. त्यांहून मोठे किंवा वेगवान असे लढाऊ जहाज नव्हते. १९४८ मध्ये ‘दिल्ली’ ही क्रूझर आली आणि पुढच्या वर्षी तीन विनाशिका. त्यांच्या नामांतराची रीत भाषेच्या अभ्यासकाला रुचावी अशी आहे. ‘रॉदरहॅम’ची ‘राजपूत’, ‘रिडाउट’ची ‘रणजित’ आणि ‘रेडर’ची ‘राणा’ झाली. आद्यवर्ण तेवढा राखला, अर्थ मात्र समूळ पालटला. एका इंग्रजी गावाचे नाव, एक तटबंदी आणि एक धाड घालणारा, यांच्या जागी तीन क्षात्र नामे आली. २६ जानेवारी १९५० पर्यंत मात्र या नावांमागे ब्रिटिश राजाचे बिरुद लागतच राहिले.

या नव्या खलाशांच्या मागे तीनच वर्षांपूर्वीची एक ताजी आठवण होती. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईतील ‘तलवार’ या संदेशविद्या-केंद्रातील नौसैनिकांनी निकृष्ट अन्न आणि वरिष्ठांची अपमानकारक भाषा यांविरुद्ध काम बंद पाडले, आणि बघता बघता उठाव इतर तळांवर व नौकांवर पसरला. त्या उठावाचे राजकीय अंग पुष्कळांनी चर्चिले आहे. परंतु त्याचा प्रारंभ ताटापासून आणि शिवीपासून झाला, हे विसरून चालणार नाही. दोनशे माणसे एका अरुंद लोखंडी कवचात कोंडलेली असता भटारखान्यातून काय येते आणि हुकूम कोणत्या शब्दांत दिला जातो, या बाबी किरकोळ राहत नाहीत. नौकेवरची शिस्त त्यांच्यावरच उभी असते.

हुकमाच्या भाषेचा विषय येथे थोडा विस्ताराने पाहण्याजोगा आहे. व्यापारी जहाजांवरील हिंदी खलाशांची स्वतःची अशी एक मिश्र बोली पूर्वीपासून होती. टॉमस रोबक याने १८११ मध्ये कलकत्त्यास इंग्रजी-हिंदुस्थानी नाविक कोश प्रसिद्ध केला, तो तिच्याच गरजेपोटी. (‘रॉदरहॅम’च्या भगिनी-नौकांत एक ‘रोबक’ही होती, पण तिचे नाव हरणावरून, कोशकाराशी तिचा संबंध नाही.) मराठीतील सुकाणू, खलाशी, मालूम हे शब्द अरबीतून, नाखवा, सारंग, बंदर हे फारसीतून, आणि जहाजावरील आणखी काही शब्द पोर्तुगीजांकडून किनाऱ्यावर उतरले, ते समुद्रावरील याच सरमिसळीतून. ब्रिटिश अमदानीतील हिंदी नौदलात रत्नागिरी जिल्ह्यातील मुसलमान दर्यावर्दींची संख्या मोठी असे, आणि ही परिभाषा त्यांच्या घरची होती. असे असूनही युद्धनौकेवर ती टिकली नाही. तोफेचा, इंजिनाचा व सुकाणूचा हुकूम इंग्रजीत राहिला आणि जुने शब्द मचव्यांवर व पडावांवर शिल्लक राहिले. दुसऱ्या महायुद्धात भरती सर्व प्रांतांतून झाली, तेव्हा पंजाबी, तमिळ, बंगाली आणि कोकणी मुलखांतल्या माणसांना एकाच क्षणी कळेल अशी दुसरी भाषा हाताशी नव्हती, हे त्याचे एक कारण. परंतु यंत्राबरोबर यंत्राची भाषाही आयात होते, हे अधिक मूलगामी कारण दिसते.

१९५० नंतरची ‘राजपूत’ची वर्षे मुख्यतः शिक्षणाची होत. पथकाने एकत्र कसे फिरावे, चालत्या नौकेतून तेल कसे घ्यावे, पाण्याखालचा प्रतिध्वनी कसा ओळखावा, हे भारतीय नौदलाने या तीन जुन्या विनाशिकांवर गिरविले. नौदलाचे प्रमुखपद १९५८ मध्ये प्रथमच भारतीय अधिकाऱ्याकडे, व्हाइस ॲडमिरल रामदास कटारी यांच्याकडे आले. डिसेंबर १९६१ मध्ये गोवामुक्तीच्या कारवाईत आरमाराचे नेतृत्व रिअर ॲडमिरल भास्कर सदाशिव सोमण यांच्याकडे होते. त्या वेळी ‘विक्रांत’ या विमानवाहू नौकेबरोबर ‘राजपूत’ आणि ‘कृपाण’ गोव्याबाहेरच्या समुद्रात होत्या. प्रत्यक्ष गोळाबारी इतरांनी केली. त्यांच्याकडे काम आले ते पुन्हा राखणदारीचे.

तिचे नाव ज्या एका रात्रीमुळे सर्वतोमुखी झाले, ती ३ आणि ४ डिसेंबर १९७१ मधली रात्र. ‘गाझी’ ही मूळची अमेरिकन, लांब पल्ल्याची पाकिस्तानी पाणबुडी १४ नोव्हेंबर रोजी कराचीहून निघाली होती आणि ‘विक्रांत’ हे तिचे लक्ष्य होते. पूर्व विभागाचे प्रमुख व्हाइस ॲडमिरल एन. कृष्णन यांनी ‘विक्रांत’ला अंदमानाच्या आडोशाला दडवून ठेवले आणि निवृत्तीच्या उंबरठ्यावर आलेल्या ‘राजपूत’ला तिचे सोंग घ्यायला लावले. विशाखापट्टणमपासून दूर समुद्रात राहून तिने बिनतारी संदेशांची एवढी वर्दळ केली की, ऐकणाऱ्याने तेथे मोठी विमानवाहू नौका असल्याचे समजावे. त्यानंतर ३ डिसेंबरच्या मध्यरात्रीच्या सुमारास लेफ्टनंट कमांडर इंदर सिंग यांच्या हाताखाली ती विशाखापट्टणम बंदराबाहेर पडत असता पाण्यात संशयास्पद खळबळ दिसली आणि तिने दोन जलसुरुंग टाकले. त्याच रात्री किनाऱ्यावरील घरे हादरविणारा स्फोट झाला. ‘गाझी’ तिच्यावरील सर्व माणसांसह बुडाली; पाकिस्तानी वृत्तांतानुसार ती ९३ होती.

‘राजपूत’च्या जलसुरुंगांनी पाणबुडी बुडाली, असे भारतात सामान्यतः मानले जाते, पाकिस्तानचे म्हणणे असे की, अंतर्गत स्फोटाने किंवा स्वतः पेरलेल्या सुरुंगांमुळे ती गेली. भारतीय नौदलाच्या इतिहासलेखनातही दुसऱ्या शक्यतांची चर्चा झालेली आहे. या वादाचा निकाल श्रेय कोणाचे, एवढ्यापुरता महत्त्वाचा आहे. पाणबुडी विशाखापट्टणमच्या तोंडाशी का आली, हा प्रश्न मात्र वेगळा आणि अधिक महत्त्वाचा आहे, आणि त्याच्या उत्तरात ‘राजपूत’चे स्थान जलसुरुंगांवर अवलंबून नाही. शत्रूला चुकीच्या जागी गुंतवून ठेवण्याचे काम तिने बिनतारी यंत्रावरील काही माणसांच्या बोटांनी आधीच पार पाडले होते. इतिहासकाराने दोन जलसुरुंगांइतकेच वजन या संदेशांनाही दिले पाहिजे. तसे क्वचितच दिले जाते, कारण फसवणुकीला धूर आणि आवाज नसतो.

‘गाझी’ बुडाल्याची घोषणा भारताने ९ डिसेंबर रोजी केली. त्याच रात्री अरबी समुद्रात ‘हंगोर’ या दुसऱ्या पाकिस्तानी पाणबुडीने ‘खुकरी’ ही भारतीय फ्रिगेट बुडविली. तिच्याबरोबर १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांनी नौका सोडली नाही. पाण्याखालचा प्रतिध्वनी ओळखण्याची जी विद्या ‘राजपूत’ आणि तिच्या बहिणींवर शिकविली गेली, तिच्या मर्यादा या दोन घटनांत एकाच आठवड्यात दिसून आल्या. एकीकडे शत्रू बुडाला, पण कशामुळे ते नक्की कळले नाही. दुसरीकडे शत्रू जवळ असूनही वेळेत सापडला नाही.

‘राजपूत’ १९७६ मध्ये मोडीत निघाली. नाव मात्र मोडीत निघाले नाही. ४ मे १९८० रोजी तत्कालीन सोव्हिएत संघातील पोती बंदरात क्षेपणास्त्रे बाळगणारी नवी ‘राजपूत’ भारतीय नौदलात दाखल झाली. तिचे पहिले कप्तान गुलाब मोहनलाल हिरानंदानी हे पुढे नौदलाचे इतिहासकार झाले आणि ‘गाझी’च्या प्रकरणाची छाननी त्यांनीही केली. नव्या वर्गातील पहिल्या तीन नौकांना ‘राजपूत’, ‘राणा’ आणि ‘रणजित’ हीच नावे मिळाली, पुढच्या दोन ‘रणवीर’ आणि ‘रणविजय’ झाल्या. क्लाइडवरून आलेला ‘र’ अशा रीतीने काळ्या समुद्रावरून आलेल्या नौकांवरही चढला. ही दुसरी ‘राजपूत’ २१ मे २०२१ रोजी विशाखापट्टणम येथेच सेवामुक्त झाली.