चित्रपटांचें हशील

पत्राचें हशील पाठविणारानें द्यावें कीं घेणारानें, हा प्रश्न आज कोणास पडत नाहीं. परंतु १८४० पूर्वीं इंग्लंडांत तें बहुधा घेणाराच देत असे, आणि अंतर वाढे तसा दरही वाढे. पदरीं पैसा नसला म्हणजे दाराशीं आलेलें पत्र परत पाठवावें लागे. खरा खर्च अंतराचा नसून हिशेबाचा व वसुलीचा आहे, हें रोलंड हिल यानें १८३७ सालीं दाखवून दिलें. १८४० त एकच स्वल्प दर ठरून तो आगाऊ घेण्याची वहिवाट पडली. आपल्याकडे १८५४ त अर्ध्या आण्याचें तिकीट आलें.

इंटरनेटवरून घरोघर जाणाऱ्या चित्रपटांविषयीं हाच वाद पुन्हां उपस्थित झाला आहे. त्याचा सर्वांत बोधप्रद इतिहास दक्षिण कोरियांत घडला. जें जाळें मजकूर पाठवील त्यानें तो घेणाऱ्या जाळ्यास मोल द्यावें, असा नियम तेथील कंपन्यांना २०१६ पासून लागू झाला. पुढें एस. के. ब्रॉडबँड या कंपनीनें नेटफ्लिक्सकडेही मोबदला मागितला. प्रकरण न्यायालयांत गेलें. मोबदला देणें गैर नाहीं, मात्र किती तें उभयतांनीं ठरवावें, असा सेऊलच्या न्यायालयानें जून २०२१ मध्यें निकाल दिला. त्याच सप्टेंबरांत 'स्क्विड गेम' आली. मे २०१८ पासून तोंपर्यंत नेटफ्लिक्सचा भार चोवीसपट झाला, असें कंपनीचें म्हणणें होतें. अखेर सप्टेंबर २०२३ मध्यें दोघांत तडजोड झाली.

कंपनीच्या पक्षांत तथ्य नाहीं असें नाहीं. तारा व यंत्रें वाढविण्यास पैसा लागतो, आणि जो गिऱ्हाईक केवळ पत्रें वाचतो त्यानें तो बोजा कां उचलावा ? तथापि टपालाचा दृष्टांत येथें लंगडा पडतो. पत्र न मागतां येतें; चित्रपट मात्र पाहणारा स्वतः मागवितो, व त्यासाठीं मासिक भाडें आधींच भरतो. एकाच ओझ्याची हमाली दोन्ही टोकांस घेणें आम्हांस न्याय्य वाटत नाहीं.

शिवाय फटका कोणास बसला ? ट्विच या कंपनीनें सप्टेंबर २०२२ त कोरियांतील चित्रांची स्पष्टता कमी केली, आणि २७ फेब्रुवारी २०२४ रोजीं तेथून गाशा गुंडाळला. तेथील जाळ्याचा खर्च इतर बहुतेक देशांच्या दसपट आहे, हें तिनें दिलेलें कारण. तिच्यावर पोट भरणारे खेळाडू व त्यांचे प्रेक्षक मात्र उघडे पडले.

आपल्याकडेही दूरसंचार कंपन्यांनीं अशाच वाट्याची मागणी केली आहे. ती करणारांनीं हिलचा धडा आधीं गिरवावा : खर्च नेमका कोठें होतो तें प्रथम मोजावें, मग तो कोणीं द्यावा तें ठरवावें. न मोजतां बसविलेलें हशील पाठविणाराच्या नांवें लिहिलें, तरी शेवटीं तें पाहणाराच्याच खिशांतून निघतें.