चाबूकस्वार : एका शब्दाचा आणि एका विद्येचा मागोवा

मराठ्यांच्या घोडदळाविषयी लिहिताना आपले इतिहासकार दौडीचे अंतर, स्वारांची संख्या आणि छाप्याची वेळ यांचा काटेकोर हिशेब मांडतात. परंतु ज्या जनावराच्या पाठीवर हे सारे घडले, ते पाठीवर ओझे घेण्यास मुळात राजी कसे झाले, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. घोड्याची किंमत आणि दाणावैरणीचा खर्च कागदावर चढे. शिकवण मात्र हाताची व तोंडी परंपरेची. या विद्येचा माग घ्यावयाचा तर भाषेकडेच वळावे लागते.

घोडा शिकवणाऱ्यास मराठीत चाबूकस्वार म्हणत. मोल्सवर्थच्या कोशातही (दुसरी आवृत्ती १८५७) हा शब्द त्याच अर्थाने नोंदलेला आहे. आज तो ऐकताच हाती चाबूक घेतलेला, दातओठ खाणारा माणूस डोळ्यांपुढे उभा राहतो आणि मराठी पागेत घोडा मारूनमुटकून वठणीवर आणीत, असा समज दृढ होतो. हे अनुमान केवळ शब्दावर उभे आहे, आणि शब्दच त्याला आधार देत नाही. फारसीत ‘चाबुक’ म्हणजे चपळ, तरबेज. त्याच्या जोडीने घोड्याला मारावयाचा कोरडा असाही अर्थ आहे. ‘चाबुकसुवार’ या समासात पहिला अर्थ आहे : कुशल, चपळ स्वार. मराठीने सुटा ‘चाबूक’ तेवढा साधनाच्या अर्थाने उचलला आणि समासातील मूळ अर्थ झाकोळून गेला. पागेत चाबूक नव्हताच असे नव्हे. परंतु धंद्याचे नाव त्यावरून पडलेले नाही.

सामानाची नावे पाहिली तर ती बहुतेक बाहेरून आलेली दिसतात. जीन, लगाम व तंग हे फारसी, रिकीब अरबी. संस्कृत ‘पर्याण’, प्राकृत ‘पल्लाण’ या वाटेने आलेले ‘पालाण’ आपल्या घरचे होते; पण स्वारीचा मान जीन-खोगिराकडे गेल्यावर ते मुख्यतः ओझ्याच्या जनावराच्या पाठीवर उरले. शिवछत्रपतींच्या आज्ञेने रचलेल्या राजव्यवहारकोशात सैन्यविषयक शब्दांसाठी ‘चतुरंगवर्ग’ असा स्वतंत्र वर्ग असूनही पागेतील फारसी नावे हटली नाहीत. ‘खोगीर’ हा शब्द विशेष रंजक आहे. फारसी ‘खूगीर’ म्हणजे घाम टिपून घेणारे. जिनाखालची मऊ गादी. फारसीतच सवय झालेला, सरावलेला अशा अर्थाचा ‘खूगर’ हा शब्द आहे. दोहोंचे मूळ एक मानण्याचा मोह विद्यार्थ्यांनी आवरावा. एकात ‘घाम’ आहे, दुसऱ्यात ‘स्वभाव’.

क्रियापदांचा प्रांत मात्र निराळा आहे. घोड्याच्या भीतीला मराठीत एक नाव नाही. क्षणभर दचकून सावरतो तो बिचकतो. एखाद्या वस्तूची धास्ती मनात धरून तिच्यापासून अंग चोरतो तो बुजतो. आणि भय अनावर होऊन चौखूर सुटतो तो उधळतो. यांपैकी बुजण्यावरूनच ‘बुजरा’ हे स्वभावदर्शक विशेषण बनले, आणि शेतातले बुजगावणेही. भीती उतरवण्याचे शब्दही घरचेच : चुचकारणे, थोपटणे, गोंजारणे, माणसाळवणे. सामान परभाषेतून आले. जनावराशी बोलण्याची भाषा मात्र देशीच राहिली. ती फारसी जाणणाऱ्या कारकुनांची नव्हती, मोतद्दारांची होती, हे याचे कारण असावे.

बुजऱ्या घोड्यास खोगीर देण्याची रीत समजण्यास त्याची शरीररचना ध्यानी घ्यावी लागते. पाठीवर बसलेली माशीही त्याला कळते. डोळे दोन बाजूंस असल्याने मागचा बराच मुलूख दिसतो, पण ठीक पाठीमागचे दिसत नाही. आणि पाठीवर अकस्मात पडणारे ओझे त्याच्या उपजत बुद्धीला झडप घालणाऱ्या श्वापदासारखे भासते. म्हणून आधी हात, मग खरारा, मग घोंगडीची घडी, असा क्रम. वस्तू त्याला हुंगू द्यावी, दोन्ही अंगांनी दाखवावी, पाठीवर ठेवून लगेच काढून घ्यावी. खोगीर प्रथम तंगाविना. तंग नंतर, तोही एकदम न कसता थोडा थोडा, मध्ये चार पावले चालवून. शेवटी स्वाराचा भार, आधी नुसता रेलून. कान सैल पडले आणि मान खाली आली, की पुढची पायरी. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात झेनोफोननेही, घोड्याशी रागाच्या भरात कधी वागू नये आणि ज्या वस्तूला तो भितो तीत भयंकर काही नाही हे त्याला पटवावे, असेच सांगितले आहे.

त्यानंतरचे काम ‘फेरण्या’चे. घोडा का अडला, या लोकप्रसिद्ध कोड्याचे उत्तर ‘न फिरवल्यामुळे’ असे आहे, ते उगाच नव्हे. येथे हित्ती राजधानीत सापडलेल्या किक्कुलीच्या इष्टिकालेखांचे स्मरण होते. ख्रिस्तपूर्व सुमारे १४०० मधील हा मितन्नी अश्वशिक्षक फेऱ्यांना ‘ऐकवर्तन्न’, ‘पंझवर्तन्न’ अशा आर्यभाषी संज्ञा वापरतो. त्याचे घोडे रथाचे होते, खोगिराचे नव्हेत. तरी ‘वर्तन’ आणि ‘फेर’ यांतील कल्पना एकच.

मराठी पागेत या शिकवणीस विशेष महत्त्व होते. शिलेदाराचा घोडा स्वतःचा, त्याच्या हातचा. बारगिरास मात्र घोडा सरकारचा मिळे. आज एक स्वार, उद्या दुसरा. असे जनावर कोणाच्याही हातून शांतपणे खोगीर घेणारे नसेल, तर कूच होण्याआधीच माणूस निकामी व्हावयाचा. सभासदाने दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद सांगितला आहे. त्या प्रमाणात चाबूकस्वार येत नाही. पाणी आणि नाल यांचा हिशेब धरता येतो, धीराचा येत नाही.

नाशिक परिसर या इतिहासाला परका नाही. विठ्ठल शिवदेवांचे विंचूर आणि होळकरांचे चांदवड याच जिल्ह्यातले. १८१८ नंतर सरदारांच्या पागा ओसरल्या आणि चाबूकस्वाराचा धंदा आटला. ‘खोगीरभरती’ मात्र, चिंध्या-गवताची ती गादी कोणी न पाहताही, निरुपयोगी भरणा या अर्थाने बोलीत राहिली. १९३७ साली डॉ. बा. शि. मुंजे यांनी नाशिकात स्थापिलेल्या भोंसला मिलिटरी स्कूलने घोडेस्वारी शिक्षणात ठेवली. जिल्ह्यात येवल्याचा घोडेबाजार आहे, तापीकाठी सारंगखेड्यास दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तेथे वरातीसाठी विकत घेतल्या जाणाऱ्या घोड्याला तोफांऐवजी ताशे आणि फटाके सोसावे लागतात. या बाजारांतील जुन्या माणसांच्या तोंडून खोगिराआधीच्या एकेका पायरीची नावे जागेवर जाऊन टिपून घेण्याचे काम विभागातील विद्यार्थ्यांनी हाती घ्यावे.