काचीगुड्याच्या न्हाणीतला संगमरवर

हैदराबादच्या जुन्या मराठी घरांवर इथे बरंच लिहून झालंय. दिवाणखाने, देवघरं, गणपती, विवेकवर्धिनीच्या आठवणी. न्हाणीघरावर कुणी लिहिलेलं मला तरी दिसलं नाही, म्हणून आज तेवढंच.

आमच्या काचीगुड्याच्या घरातली न्हाणी जेमतेम सहा फूट बाय आठ. कोपऱ्यात तांब्याचा बंब, खाली शहाबादी फरशी, आणि भिंती हात पोचेल तिथपर्यंत पांढऱ्याशुभ्र, गुळगुळीत. संध्याकाळी कंदील आत नेला की ज्योत भिंतीत दिसायची. बंबाच्या मागच्या भिंतीवर तर मिस्त्रीने काजळीच्या राखाडी शिराही ओढल्या होत्या, खऱ्या दगडात असतात तशा. पुण्याकडचे पाहुणे विचारायचे, "न्हाणीला संगमरवर लावलात?" आजी "हौ" म्हणून मोकळी. होता तो चुना.

या कामाला आमच्याकडे 'गच' म्हणायचे. आपण सगळे 'गच्ची' म्हणतो ना, तो शब्द याच फारसी गचवरून आलेला. चुन्याचा गिलावा करून पक्कं केलेलं छत, ती गच्ची. हैदराबादेत ही कारागिरी कुतुबशाहीपासूनची. १५९१ च्या चारमिनारवर दिसते ती बारीक नक्षी मुख्यतः चुन्यात घडवलेली आहे. पायगा मकबऱ्यांवरची वेलबुट्टीही तशीच. नवाबाच्या मकबऱ्यावर चालणारा हात आमच्यासारख्या कारकुनाच्या न्हाणीपर्यंत कसा पोचला, तर मिस्त्री तेच होते. मोठं काम नसेल त्या दिवसांत ते घरगुती कामं घेत.

कृती वेळखाऊ. भट्टीतला भाजका चुना पाण्यात विरवायचा, खड्ड्यात मुरवत ठेवायचा, घाणीत दळायचा. त्यात गूळ, बेलफळाचा गर, उडदाचं चिकट पाणी. खालच्या थरात सुरखी, म्हणजे विटांची भुकटी. तिच्यामुळे चुना ओल्या जागीही धरतो. वरचा थर अगदी पातळ, आणि तो ओला असतानाच गुळगुळीत गोट्याने घोटायचा. आजोबा सांगायचे, चार माणसं दिवसभर घोटत होती आणि आजीने त्यांना तीनदा चहा केला. (चहाचा हिशोब आमच्या घरात कुणी विसरत नाही.) मोरोक्कोतल्या हमामांतही असाच घोटीव चुना असतो, त्यावर साबण चोळतात. चुना आणि साबणाचा मिळून पाण्यात न विरघळणारा थर तयार होतो.

गंमत पुढेच आहे. चुनखडी भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो. भिंतीवर लागलेला चुना हवेतून तोच वायू हळूहळू परत ओढतो आणि पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट बनतो. संगमरवरही कॅल्शियम कार्बोनेटच. तेव्हा आजीचं "हौ" अगदीच थाप नव्हती.

ऐंशीच्या दशकात न्हाणीची एक भिंत पोपडे धरते म्हणून घरच्यांनी तिच्यावर सिमेंट मारून घेतलं. दोन पावसाळ्यांत ती फुगली. म्हातारा मिस्त्री बघायला आला, भिंतीवर बोटाने टकटक केलं आणि आजीला म्हणाला, "चूना सांस लेता अम्मा, सिमिट उसका मुंह बंद कर देता." कुतुबशाही मकबऱ्यांवर २०१३ पासून आगाखान ट्रस्टने काम केलं, तेव्हा तिथलंही सिमेंट काढून पुन्हा चुनाच लावला. तिथल्या जुन्या हमामाचीही दुरुस्ती झाली.

आता आमच्या घराच्या वाटण्या झाल्यात आणि न्हाणी चुलतभावाकडे गेली. तो कॅटलॉग घेऊन बसलाय: मार्बल फिनिश, रस्टिक टेक्स्चर, व्हेनेशियन स्टुको. नकलीला माझी हरकत नाही, आमच्या शिरा तरी कुठे खऱ्या होत्या! पण व्हेनेशियन गिलावा मुळात चुन्याचा आणि संगमरवराच्या पुडीचा. डब्यातून येतो तो बहुतेक वेळा अॅक्रिलिकचा. जुन्या ओलसर चुन्यावर तो बसला की पुन्हा तेच पोपडे. भावाचंही खरं आहे. घरात पाच माणसं, न्हाणी एक, आणि चुन्याचं काम सुकायला कित्येक आठवडे लागतात. तेवढे दिवस आंघोळीला शेजारी जायचं का?

शेवटी असं ठरलंय की तीन भिंतींना टाइल्स. बंबामागची शिरांची भिंत राहील, पण तिचा खालचा दीड फूट भाग दुरुस्त करणारा माणूस महिनाभरात मिळाला तरच. नाहीतर तीही फुटेल. मकबऱ्यांवर काम केलेला एखादा मिस्त्री कुणाच्या माहितीत आहे का? आणि सुलतान बाजार, शालीबंडा, गौलीपुऱ्यातल्या कुणाच्या घरी अशी न्हाणी अजून उभी असेल, तर फोटो टाका. शिरा दिसतील असा, उजेड बाजूने घेऊन.