भट्ट, ज्योती

भट्ट, ज्योती : (१२ मार्च १९३४ – ). भारतीय मुद्राचित्रकार, चित्रकार, छायाचित्रकार व कलाशिक्षक. पूर्ण नाव ज्योतींद्र मानशंकर भट्ट. जन्म गुजरातमधील भावनगर येथे. भावनगरच्या ‘शिशुविहार’ या संस्थेचे संस्थापक मानशंकर भट्ट हे त्यांचे वडील. कार्यक्षेत्र मुख्यतः बडोदे (वडोदरा). पत्नी ज्योत्स्ना भट्ट (१९४०–२०२०) या ख्यातनाम मृत्तिकाशिल्पकार होत्या.

शिक्षण व अध्यापन : महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५० मध्ये ललित कला विद्याशाखा सुरू झाली. तिच्या पहिल्या विद्यार्थ्यांत भट्ट होते. ना. श्री. बेंद्रे, शंखो चौधरी व के. जी. सुब्रमण्यन हे त्यांचे शिक्षक. राजस्थानातील वनस्थळी विद्यापीठात त्यांनी भित्तिचित्रणाचे शिक्षण घेतले. पुढे इटलीतील नेपल्स येथील कला अकादमीत (१९६१-६२) आणि न्यूयॉर्कच्या प्रॅट इन्स्टिट्यूटमध्ये (१९६४–६६) ते शिकले. बडोद्यात त्यांनी तीन दशकांहून अधिक काळ अध्यापन केले. ‘बडोदा ग्रुप ऑफ आर्टिस्ट्स’ (१९५६) आणि ‘ग्रुप १८९०’ या दोन्ही गटांचे ते संस्थापक सदस्य. दुसऱ्या गटाची स्थापना १९६२ मध्ये भावनगरला झाली. ज्या घरी बैठक भरली, त्या घराचा क्रमांकच गटाने नाव म्हणून घेतला. गटाचे एकमेव प्रदर्शन १९६३ मध्ये दिल्लीत भरले.

मुद्राचित्रे : आरंभीच्या चित्रांवर घनवादाचा प्रभाव दिसतो. तैलरंग व जलरंगातही त्यांनी काम केले. तथापि त्यांचे खरे माध्यम मुद्राचित्रच ठरले. प्रॅटमध्ये आत्मसात केलेले इंटॅग्लिओ तंत्र घेऊन ते १९६६ मध्ये बडोद्यास परतले. जेराम पटेल, भूपेन खख्खर व गुलाममोहम्मद शेख हेही या तंत्राकडे वळले, त्यात भट्टांच्या उत्साहाचा वाटा होता असे मानले जाते.

एचिंग हा इंटॅग्लिओचाच एक प्रकार. त्यात धातूच्या पत्र्यावर आम्लरोधक लेप देतात आणि त्यावर सुईने रेखाटन करतात. पत्रा आम्लात ठेवला की उघड्या पडलेल्या रेषा कोरल्या जातात. मग शाई रेषांत भरून वरचा पृष्ठभाग पुसतात आणि ओलसर कागद ठेवून पत्रा दाबयंत्रातून काढतात. छाप उलटा उमटत असल्याने अक्षरे पत्र्यावर उलटी लिहावी लागतात. भट्टांच्या अनेक मुद्राचित्रांत लिपी चित्राचाच भाग म्हणून येते, तेव्हा या उलट्या लेखनावरील त्यांची हुकमत जाणवते. सपाट, तेजस्वी रंगांसाठी त्यांनी सिल्कस्क्रीनचा, तर उत्तरकाळात होलोग्राफी व संगणकीय मुद्रणाचाही अवलंब केला.

आकृतिबंध : मोर, पोपट, कमळ, वृक्ष आणि देवदेवता ही त्यांची नेहमीची रूपे. ती थेट निसर्गावरून रेखाटलेली नाहीत. भिंतीवर, अंगणात, कापडावर आणि कातडीवर पिढ्यान्‌पिढ्या काढल्या गेलेल्या निसर्गरूपांतून ती आली आहेत. अशा रूपांत पक्षी किंवा झाड ठिपके, वळणे व त्रिकोण यांपर्यंत आधीच संक्षिप्त झालेले असते. भट्ट या रूपांची पुनरावृत्ती करतात, मांडणी बदलतात आणि त्यांत अक्षरे गुंफतात. त्यामुळे मोर ओळखू येतो आणि त्याच वेळी तो शुद्ध रचनाही असतो. ‘कल्पवृक्ष’ हे या प्रवृत्तीचे उदाहरण. ‘द लॉस्ट पंडित’ हेही त्यांचे प्रसिद्ध मुद्राचित्र.

गोंदणाशी भट्टांच्या मुद्राचित्रांचे नाते विशेष जवळचे आहे. गोंदणात आणि एचिंगमध्ये रेषेचा आरंभ सुईने होतो आणि रंग पृष्ठभागाच्या आत जाऊन बसतो. म्हणून गोंदणातील नक्षी भट्टांच्या पत्र्यावर उसनी वाटत नाही. आधुनिक कलासमीक्षेत अलंकरणाला पुष्कळदा दुय्यम लेखले गेले. भट्टांच्या मुद्राचित्रांत मात्र अलंकरण हीच चित्राची रचना आहे. ते काढून टाकले तर चित्र उरतच नाही. भारतीय मुद्राचित्रकलेला त्यांनी दिलेली ही सर्वांत मोलाची देणगी होय.

त्यांच्या रंगीत शैलीवर पॉप कलेचा प्रभाव मानणारे अभ्यासक आहेत. अमेरिकेतील वास्तव्य पाहता तो संभवतो; परंतु लोककलेतील रंगसंगतीनेही त्या शैलीचा उलगडा होतो. बडोद्यातील कलावंतांसाठी वापरल्या जाणाऱ्या ‘बडोदा स्कूल’ या संज्ञेत त्यांचा समावेश केला जातो. या संज्ञेच्या व्याप्तीविषयी एकमत नाही.

छायाचित्रण : १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात एका परिसंवादासाठी गुजरातच्या लोककलेची छायाचित्रे घेण्याचे काम त्यांच्याकडे आले. पुढे तोच त्यांचा ध्यास बनला. राजस्थानातील मांडणा (जमिनीवर व भिंतींवर काढली जाणारी पारंपरिक चित्रे), गुजरातमधील गोंदणे व भित्तिलेखन यांची त्यांनी नोंद केली. चित्रे पुसली जातात आणि गोंदलेली माणसे जातात, म्हणून या नोंदींचे मोल मोठे. बडोद्याच्या ललित कला विद्याशाखेचे जीवनही त्यांनी टिपले.

संग्रह : हाँगकाँगच्या ‘एशिया आर्ट अर्काइव्ह’ने त्यांच्या संग्रहातील सामग्रीचे अंकीकरण केले आहे. त्यांच्या छायाचित्रांचा मोठा संग्रह बंगळुरूच्या ‘म्युझियम ऑफ आर्ट अँड फोटोग्राफी’त आहे.

सन्मान : पद्मश्री (२०१९).