राज्यक्रांतीने मोठा केलेला पोप

फ्रेंच राज्यक्रांतीने पोपसत्तेचे कंबरडे मोडले, असे सर्रास समजले जाते. माझ्या मते घडले ते उलट. 1789 च्या आधीचा पोप कॅथलिक राजांपुढेच किती हतबल होता, हे आधी पाहायला हवे. 1516 च्या करारापासून फ्रान्सचे बिशप राजा निवडत असे आणि पोप त्या निवडीवर मान्यतेची मोहोर उमटवत असे. 1773 साली बूर्बाँ दरबारांच्या दडपणाखाली पोप चौदावे क्लेमेंट यांना जेझुइट संघच बरखास्त करावा लागला. पोपच्या आज्ञेत राहण्याची खास शपथ वाहिलेले हे लोक पोपलाच वाचवता आले नाहीत.

क्रांतीच्या राष्ट्रीय सभेला चर्च आणखी घट्ट मुठीत हवे होते. नोव्हेंबर 1789 मध्ये चर्चची मालमत्ता सरकारजमा झाली. जुलै 1790 च्या कायद्याने 83 धर्मप्रांत ठरले, बिशप आणि पाद्री मतदारांनी निवडायचे ठरले. नव्या बिशपने पोपला फक्त पत्राने कळवायचे, मान्यता मागायची नाही. मग या कायद्याशी निष्ठेच्या शपथेची सक्ती आली आणि जवळपास निम्म्या गावपाद्र्यांनी ती नाकारली. सभेची खरी चूक ही. तोवर रोमशी फारसा संबंध न आलेल्या या पाद्र्यांना आता पोपखेरीज वाली उरला नाही. सहावे पायस यांनी 1791 मध्ये कायद्याचा निषेध केला. 1798 मध्ये फ्रेंच सैन्याने त्यांना रोममधून हलवले आणि पुढच्या वर्षी, 81 व्या वर्षी, व्हालाँस येथे ते कैदेतच वारले.

1801 मध्ये नेपोलियनला देश शांत करायचा होता. त्यासाठी शपथ घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे बिशप बाजूला सारणे भाग होते. करार झाला, सातवे पायस यांनी जुन्या बिशपांकडे राजीनामे मागितले आणि न देणाऱ्यांची पदे काढून घेतली. एका देशाचे सगळे बिशप पोपने असे एका फटक्यात बदलणे चौदाव्या लुईने कदापि खपवून घेतले नसते.

यावर कोणी म्हणेल, नेपोलियनने पोपला वापरून घेतले. बिशप तोच निवडी, हे खरे. पण मान्यता पोपच्याच हाती होती. पुढे दोघांचे फाटले. 6 जुलै 1809 च्या पहाटे फ्रेंच सैनिक शिड्या लावून रोममधल्या क्विरिनाल राजवाड्यात शिरले, कुऱ्हाडींनी दारे फोडली आणि पोपना कुलूपबंद बग्गीत घालून नेले. सोबतीला त्यांचे मंत्री कार्डिनल पाक्का. दोघांच्या खिशांत मिळून चारदोन नाणी. राज्य आणि सल्लागार गमावलेल्या या माणसाने सावोनाच्या कैदेतून नव्या बिशपांना मान्यता नाकारली आणि फ्रान्समधली पदे रिकामी पडत गेली. 1811 मध्ये सम्राटाने पॅरिसला परिषद बोलावली, तर पोपच्या संमतीवाचून काही करता येत नाही, असे त्याच्याच बिशपांनी त्याला ऐकवले. 1813 मध्ये नव्या करारावर दडपणाखाली दिलेली सही पायस यांनी दोन महिन्यांत मागे घेतली.

पोपचे परत मिळालेले राज्य अखेर गेलेच, हा आक्षेप मात्र वजनदार आहे. 1870 च्या सप्टेंबरात इटलीने रोम घेतले. पण त्याच वर्षी जुलैत व्हॅटिकन परिषदेने पोपच्या अचूकतेचा सिद्धांत मंजूर केला होता. जमीन गेली, अधिकार वाढला. 1905 मध्ये फ्रेंच प्रजासत्ताकाने चर्चशी फारकत घेतली, तेव्हा बिशप निवडण्याचा सरकारचा हक्कही संपला. फेब्रुवारी 1906 मध्ये दहावे पायस यांनी स्वतः निवडलेल्या 14 फ्रेंच बिशपांना रोममध्ये दीक्षा दिली.