मनोरमेची आई

पंडिता रमाबाईंच्या चरित्रांत मनोरमेच्या वाट्याला बहुधा दोन-चार ओळी येतात. १८८१ साली जन्म, १९२१ साली मृत्यू, मधल्या काळात आईच्या कार्यात साहाय्य. एवढे सांगून चरित्रकार शारदासदनाकडे आणि केडगावच्या मुक्तिसदनाकडे वळतात. आम्हांलाही ही वाटणी कित्येक वर्षे स्वाभाविक वाटत होती. परंतु सिस्टर जेराल्डिन यांनी जतन करून ठेवलेला रमाबाईंचा पत्रव्यवहार १९७७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला, आणि तो वाचताना आमच्या ध्यानी आले की, या विदुषीची इंग्लंडातील जी झुंज आपण केवळ धर्ममतांची म्हणून ओळखतो, तिचा मोठा भाग एका लहानग्या मुलीच्या संगोपनासंबंधीचा होता.

रमाबाईंना स्वतःच्या आईची शिकवणूक ठाऊक होती. अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाई यांस संस्कृत शिकवले. पुढे शास्त्रीबुवा वयाने थकले तेव्हा धाकट्या मुलीचे अध्यापन लक्ष्मीबाईंकडे आले. दिवसभर कामाचा रगाडा असे, म्हणून पहाटे, पाखरांची किलबिल सुरू होण्याच्या वेळी, झोपेने जड झालेल्या मुलीला ती माउली कुरवाळून उठवी आणि तोंडी पाठ देई. पोथी नाही, पाटी नाही. कुटुंब तीर्थयात्रेत असल्यामुळे घर असे नव्हतेच. जेथे आई तेथे शाळा. ज्या विद्येच्या बळावर १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी रमाबाईंना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या, ती विद्या अशी मिळाली होती.

रमाबाईंवर स्वतःवर पाळी आली तेव्हा परिस्थिती निराळी होती. पती बिपिनबिहारी मेधावी १८८२ च्या फेब्रुवारीत वारले; मूल वर्षाचेही पुरे झाले नव्हते. त्याच वर्षी त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाज काढला, ‘स्त्रीधर्मनीति’ लिहिले आणि हंटर आयोगापुढे साक्ष देऊन स्त्रियांसाठी स्त्री-डॉक्टर व स्त्री-शिक्षिका हव्यात असे सांगितले. हे सर्व करणाऱ्या बाईच्या घरी रांगते मूल होते, ही गोष्ट इतिहासकार सहसा सांगत नाहीत. पुस्तकाच्या उत्पन्नातून प्रवासखर्च उभा करून १८८३ च्या एप्रिलमध्ये, नुकतीच दोन वर्षांची झालेली मनोरमा बरोबर घेऊन, त्या वैद्यक शिकण्याच्या हेतूने विलायतेस निघाल्या.

वाँटेजच्या मठाने आश्रय दिला. बहिरेपणा वाढत गेल्याने वैद्यकाचा बेत सोडावा लागला. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी त्याच वर्षी आत्महत्या केली. सप्टेंबरात मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. पुढे रमाबाई चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात शिकू व संस्कृत शिकवू लागल्या, आणि मनोरमेचा सांभाळ बव्हंशी वाँटेजच्या भगिनींकडे राहिला. खरा पेच येथे सुरू झाला. मूल ज्यांच्या हातून जेवते, ज्यांच्या शेजारी निजते, ज्यांची प्रार्थना रोज ऐकते, त्यांचेच ते होऊन जाणार नाही काय? सिस्टर जेराल्डिननी मुलीवर मनापासून माया केली, हे नाकारणे अन्यायाचे होईल. रमाबाई त्यांना पत्रांत ‘आजीबाई’ म्हणत. आम्हांला हे संबोधन फार अर्थपूर्ण वाटते. आजीला लाडाचा पूर्ण अधिकार असतो. मूल कोणाचे, हे मात्र तिने ठरवायचे नसते.

रमाबाईंना आपल्या बुद्धीस न पटलेली मते मुलीच्या तोंडी घातलेली नको होती, आणि मठाला ते पाखंड वाटे. वाद थेट पुडिंगातल्या अंड्यापर्यंत गेला, कारण ख्रिस्ती झाल्यावरही त्यांनी शाकाहार सोडला नव्हता. परंतु सर्वांत तीव्र आग्रह निराळाच होता. मुलीने आपल्या लोकांत त्यांच्यापैकीच एक म्हणून वावरावे, परकी किंवा वरचढ होऊन नव्हे. हिंदुस्थानचे नाव निघाल्यास तिला लाज वाटू नये, असे त्यांनी स्पष्ट कळवले. परप्रांती बदलीच्या गावी मुलांना शाळेत घालणाऱ्या आमच्या वाचकांस या वाक्यांचा अर्थ समजावून सांगण्याचे कारण नाही.

१८८६ च्या मार्चात आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानास त्या फिलाडेल्फियास गेल्या, तेव्हा मनोरमा बरोबर होती. अमेरिकेतला मुक्काम मात्र लांबला. मुलीला वाँटेजला परत धाडावे लागले. आणि याच काळात रमाबाई फ्रबेलची बालोद्यान-पद्धती शिकत होत्या! परक्या मुलांना खेळातून कसे शिकवावे याचा अभ्यास चालू, आणि पाच वर्षांची स्वतःची मुलगी समुद्रापलीकडे. त्यांच्यावर निष्ठुरपणाचा आरोप करण्यास एवढे पुरेसे आहे, आणि तो आरोप पुरुष-सुधारकांच्या बाबतीत कोणी केल्याचे आमच्या पाहण्यात नाही. आमच्या मते त्यांच्यापुढे दोन चांगले मार्ग नव्हतेच. गावोगाव व्याख्याने देत फिरल्यावाचून पैसा उभा राहणार नव्हता, आणि पैशावाचून विधवांचे घर. १८८७ च्या डिसेंबरात बॉस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन होऊन दहा वर्षांच्या साह्याचे वचन मिळाले, त्यामागे हा वियोग आहे.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन उघडले. तेथील पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, म्हणजे पुढच्या आनंदीबाई कर्वे. पुढच्या वर्षी संस्था पुण्यास आली. रमाबाई स्वतःच्या खोलीत मनोरमेला घेऊन रोज प्रार्थना करीत, आणि खोलीचे दार उघडे असे. सदनातल्या काही मुली आपण होऊन आत येऊन बसू लागल्या. त्यावरून १८९३ साली पुण्यात वादळ उठले. रानडे, भांडारकर प्रभृतींनी सल्लागारपद सोडले, पालकांनी मुली काढून नेल्या. पालकांची भीती अगदीच निराधार नव्हती, कारण काही विधवा पुढे ख्रिस्ती झाल्या. पण दार लावून घ्यावे, ही मागणी रमाबाईंना मान्य होण्याजोगी नव्हती. पोटच्या मुलीला एक आणि सांभाळलेल्या मुलींना दुसरे, अशी भिंत घरात घालण्यास त्या तयार नव्हत्या.

मनोरमा इंग्लंड-अमेरिकेत शिकून परतली आणि केडगावी आईच्या हाताखाली राबली. आंधळ्या मुलींच्या शिक्षणाकडे तिने विशेष लक्ष पुरवले. दुष्काळांनंतर तेथे सुमारे दोन हजार जीव आश्रयास होते. आईचे कार्य हेच तिचे आयुष्य झाले. तिला स्वतःला आणखी काही हवे होते काय, हे विचारण्याची तिच्या भोवतालच्या मोठ्या माणसांना सवड नव्हती. २४ जुलै १९२१ रोजी, चाळिसाव्या वर्षी, ती वारली. रमाबाई तेव्हा मराठी बायबलचे भाषांतर पुरे करीत होत्या. ते काम त्यांनी संपवले, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्याही गेल्या.