चर्चगेटपर्यंत एकाच वाटेने

१५ नोव्हेंबर २०२३. वानखेडेवर भारत-न्यूझीलंड सेमीफायनल. कोहलीचं पन्नासावं वनडे शतक झालं, आपले ३९७ झाले, तरी विल्यमसन आणि मिचेल जमले तेव्हा आमची अख्खी रांग गप्प झाली होती. शमीच्या हातून विल्यमसनचा झेल सुटला तेव्हा शेजारच्या काकांनी माझा गुडघा इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशीही दुखत होता. नंतर त्याच शमीने सात विकेट काढल्या. आम्ही दोघं ओरडून ओरडून घसा बसवून घेतला.

मॅच संपल्यावर त्या गर्दीत आम्ही बरोबरच चर्चगेटपर्यंत चालत आलो. काकांना बोरिवली स्लो हवी होती. मी मसोलीचा, म्हणजे थेट डहाणू. पण डहाणू लोकल केव्हाच गेलेली. विरारपर्यंत जायचं आणि पहाटेच्या पहिल्या गाडीची वाट बघायची, एवढाच पर्याय होता. काका म्हणाले, "चल, भेटू पुढच्या मॅचला." मी म्हटलं, "नक्की काका." गाडी सुटल्यावर लक्षात आलं, नंबर घेतला नाही. नावही विचारलं नव्हतं.

विरारच्या बाकड्यावर रात्र काढताना मोबाईलवर जुन्या स्कोअरकार्डांत शिरलो आणि त्याच चर्चगेटजवळच्या दुसऱ्या मैदानापाशी येऊन थांबलो. ब्रेबॉर्न स्टेडियम. स्टेशनपासून चालत पाच मिनिटं. तिथे एकेकाळी शेजारी कोण बसणार हे तुमचा धर्म ठरवायचा.

गोष्ट सुरू होते पारशांपासून. आमच्या डहाणूच्या थोडं वर संजाण आहे, जिथे परंपरेप्रमाणे पारशी पहिल्यांदा उतरले. हिंदुस्थानी लोकांत क्रिकेट आधी उचललं तेही त्यांनीच. १८४८ मध्ये मुंबईत त्यांचा ओरिएंटल क्रिकेट क्लब निघाला. पुढे पारशी विरुद्ध युरोपियन असे सामने होऊ लागले. १९०७ मध्ये हिंदू संघ आला आणि स्पर्धा तिरंगी झाली, १९१२ मध्ये मुस्लिम संघ आला आणि चौरंगी झाली. १९३७ मध्ये 'द रेस्ट', म्हणजे 'उरलेले', हा पाचवा संघ आला. त्यात ख्रिश्चन, ज्यू आणि बाकी सगळे. ही झाली पंचरंगी, पेंटँग्युलर. खेळाडू धर्माने निवडायचे, आणि ब्रेबॉर्नमधल्या जागाही जिमखान्यांत वाटलेल्या. त्या जागांच्या वाटपावरून इतकं बिनसलं की १९३७ च्या पहिल्याच पेंटँग्युलरमध्ये हिंदू संघ उतरलाच नाही.

आज हे ऐकूनच विचित्र वाटतं. पण त्या काळात मुंबईत यापेक्षा मोठी स्पर्धा नव्हती. रणजी ट्रॉफीला मिळत नसे ती गर्दी इथे व्हायची.

त्या गर्दीने काय पाहिलं, त्याची दोन उदाहरणं.

१९४३ ची फायनल, हिंदू विरुद्ध रेस्ट. विजय मर्चंटचे नाबाद २५०, हिंदूंचे ५ बाद ५८१. रेस्ट १३३ मध्ये गुंडाळले गेले आणि फॉलोऑन घेऊन पुन्हा उतरले. मग सांगलीचा विजय हजारे उभा राहिला. ३८७ पैकी एकट्याचे ३०९. भाऊ विवेकबरोबर त्याची ३०० धावांची भागी झाली, त्यात विवेकचे फक्त २१. हजारे मराठी, पण ख्रिश्चन, म्हणून 'उरलेल्यां'त. हिंदू जिमखान्याच्या जागांवर बसलेल्या मराठी माणसाने त्या दिवशी कोणासाठी टाळ्या वाजवायच्या? आपला संघ डावाने जिंकणार होता, आणि आपल्याच भाषेचा माणूस समोरून एकटा लढत होता.

१९४४ ची फायनल, हिंदू विरुद्ध मुस्लिम. शेवटच्या डावात मुस्लिम संघाला २९८ हवे होते. मुंबईचा के. सी. इब्राहिम सुरुवातीला उतरला तो शेवटपर्यंत बाद झालाच नाही. नाबाद १३७. एक विकेट राखून मुस्लिम संघ जिंकला.

आणि हे सगळं चालू असताना बाहेर देश फाटत होता. स्पर्धेला विरोध आधीपासून होता. १९४० मध्ये गांधीजींनी धर्मावर बांधलेल्या संघांबद्दल नापसंती स्पष्ट बोलून दाखवली होती. रेडिओवरच्या कॉमेंट्रीने हे सामने घरोघरी नेणारे बॉबी तल्यारखान स्वतः या पद्धतीच्या विरोधात लिहीत होते. शेवटी १९४५-४६ चा हंगाम हिंदूंनी जिंकला, आणि १९४६ मध्ये बोर्डाने स्पर्धा बंद केली.

निर्णय बरोबर होता. तिकिटावर धर्म असलेली स्पर्धा जायलाच हवी होती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मला अडकवतं ते दुसरंच. त्या शेवटच्या हंगामात स्टेडियममधून बाहेर पडलेल्या कोणालाच हे शेवटचं आहे असं ठाऊक नव्हतं. वेगवेगळ्या स्टँडमधली माणसं गेटबाहेर एकाच रस्त्याला लागत असणार, एकाच चर्चगेटला येत असणार. विरारपर्यंत विजेची गाडी १९३६ पासून होती, आणि तिच्यात जिमखान्यांचे डबे नव्हते. कोणीतरी कोणाला तरी म्हणालंच असेल, पुढच्या वर्षी बघून घेऊ. पुढच्या वर्षी स्पर्धा नव्हती. त्याच्या पुढच्या वर्षी फाळणी.

मैदानावरही तसंच झालं. मार्च १९४७ मध्ये रणजी फायनलला बडोद्याकडून विजय हजारे आणि गुल मोहम्मद यांनी ५७७ धावांची भागी केली. हजारे २८८, गुल मोहम्मद ३१९. हा विक्रम २००६ पर्यंत टिकला. पाच महिन्यांत सीमा आखली गेली. गुल मोहम्मद पुढे पाकिस्तानात गेले आणि १९५६ मध्ये पाकिस्तानकडून एक कसोटीही खेळले. इब्राहिम १९४८-४९ मध्ये भारताकडून चार कसोटी खेळले, नंतर कराचीला गेले. २००७ मध्ये तिथेच वारले. १९४६ मध्ये भारताकडून खेळलेला अब्दुल हफीज १९५२ मध्ये अब्दुल हफीज कारदार म्हणून ब्रेबॉर्नवर परतला, पाकिस्तानचा कप्तान होऊन. त्या कसोटीत हजारेंनी नाबाद १४६ केले.

प्रेक्षकांना मात्र परतायला मैदान नव्हतं. अपवाद एक. जानेवारी १९५५ मध्ये लाहोर कसोटीसाठी सीमा खुली केली गेली आणि हजारो भारतीय पलीकडे मॅच बघायला गेले. आपला कप्तान विनू मंकड. दौऱ्यावर मुंबईचे सुभाष गुप्ते, विजय मांजरेकर, नरेन ताम्हाणे. मालिकेतल्या पाचही कसोटी अनिर्णित राहिल्या, क्रिकेट कंटाळवाणंच होतं. पण आठ वर्षांपूर्वी ज्या रस्त्याने जीव मुठीत धरून लोक निघाले होते, त्याच रस्त्याने ते सकाळी जायचे आणि संध्याकाळी अमृतसरला परत यायचे. आपण परत जाणार आहोत हे या वेळी सगळ्यांना माहीत होतं. पंचरंगीच्या प्रेक्षकांना जो निरोप घेता आला नाही, तो लाहोरमध्ये रोज संध्याकाळी घेता आला. माझ्या दृष्टीने त्या मालिकेचा निकाल तोच.

विरारला पहाटे पहिली डहाणू लोकल लागली. खिडकीशी बसून मी काकांचा विचार करत होतो. त्यांचं आडनाव मला माहीत नाही, म्हणजे १९४४ मध्ये ते कोणत्या जिमखान्याच्या जागांवर बसले असते तेही माहीत नाही. आमच्या तिकिटांवर फक्त स्टँड, रांग आणि सीट नंबर होता.

तरी नाव विचारायला हवं होतं. हल्ली मी विचारतो. मॅच संपली की आधी नंबर घेतो, मग गाडी पकडतो.